चौकशीला आलेला माणूस

आमच्या नायनांना कागदाची भीती वाटायची. ते स्वतः तिला भीती म्हणत नसत, सावधपणा म्हणत. नायना म्हणजे वडील. आमच्या तेलुगू घरात वडिलांना असंच म्हणतात. पोस्टमननं पाकीट दिलं की ते आधी उलटं करून बघायचे, मग उजेडासमोर धरायचे आणि आत काहीच दिसत नाही अशी खात्री झाली की मला हाक मारायचे. मी वाचून दाखवत असताना त्यांचं लक्ष मजकुराकडे कमी आणि माझ्या चेहऱ्याकडे जास्त असायचं. साधी बारशाची पत्रिका असली तरी शेवटी एक प्रश्न ठरलेला होता, 'मग आता ह्यांना आपल्याकडनं काय पायजे?' सही करायची वेळ आली तर त्यांचा हात आखडायचा. ते यंत्रमागावर कामाला होते. त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी एकदा कामगारांच्या अर्जावर पहिली सही केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मागावर दुसराच माणूस उभा होता, ही हकिकत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ती खरी होती की नाही, देव जाणे. पण आमच्या घरात अक्षरओळखीच्या आधी संशय शिकवला जायचा, आणि मी दोन्हीत हुशार निघाले.

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत दोन खोल्यांची घरं समोरासमोर होती. मागच्या भिंतीपलीकडं मागांची शेड. दिवसभर खडखडाट. त्या आवाजात वाढलेली माणसं मोठ्यानंच बोलतात, त्यामुळे वीज गेली आणि माग थांबले की गल्लीतली सारी गुपितं दोन मिनिटं सगळ्यांना ऐकू यायची, मग कुणीतरी शहाणं म्हणायचं, 'हळू बोला की.' दारादारांत बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसायच्या. तेंदूची पानं भिजवून ठेवलेल्या ओल्या फडक्याचा वास आणि तंबाखूचा वास, ह्या दोन वासांशिवाय मला आजही दुपार दुपार वाटत नाही. आमची अम्माही वळायची. संध्याकाळी चूल पेटली की ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि चिंचेचं कच्चं सार. त्याला आम्ही पच्ची पुलुसू म्हणतो. कांदा हातानं चुरडून घालायचा, वरून मिरचीची फोडणी. ते जमलं तर वाटी समोरच्या दारी जायची, कारण समोर नरसव्वा राहायची.

नरसव्वेला आम्ही पेद्दम्मा म्हणायचो, म्हणजे मोठी आई. नात्यानं ती आमची कुणी नव्हती. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगी विजया, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. नरसव्वेची बोटं विड्या वळताना कधी थांबलेली मी पाहिली नाहीत. बोलताना, भांडताना, रडतानासुद्धा ती वळत असायची. त्या वर्षी तिचं आणि अम्माचं नळावरून वाजलं होतं. हंड्याचा नंबर कुणी मागे सरकवला यावरून सुरू झालेलं प्रकरण एकमेकींच्या माहेरापर्यंत गेलं आणि पुलुसूची वाटी बंद झाली. हे सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात ह्या अबोल्याचा मोठा हात होता.

मी सकाळी कॉमर्स कॉलेजला जायची आणि दुपारी नायना जिथं माग चालवायचे त्याच शेडमध्ये टॉवेल तपासायला. विजयाही यायची. माझ्या उजव्या हाताला तिची जागा. टॉवेल उजेडाकडे धरायचा, तुटलेला धागा, उसवलेली कड, तेलाचा डाग बघायचा, चांगला इकडे, वाईट तिकडे, मग घडी, मग गठ्ठा. चार वर्षं हे काम केलं. गल्लीतल्या बहुतेक घरांतल्या पोरी कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये हेच करत होत्या. पण हे बाहेर बोलायचं नाही, असा दंडक होता. पोरगी घरात बसून विड्या वळते, हे सांगण्यात कमीपणा नव्हता. उलट मुलाकडची बाई आधी तेच विचारायची. मात्र पोरगी परक्या पुरुषांच्या मधे शेडमध्ये बसते, केसांत कापसाची पिंजर घेऊन संध्याकाळी परत येते, हे कळलं तर चांगलं स्थळ पुढं सरकत नसे. म्हणून आम्ही डोक्याला फडकं बांधून मागच्या बोळातनं जायचो. आणि गल्लीत कुणी अनोळखी माणूस येऊन एखाद्या मुलीबद्दल विचारू लागला की सगळ्या दारांतून एकच उत्तर मिळायचं. कुणी बसून ठरवलेलं नव्हतं. पण आज तुझ्या पोरीसाठी मी, उद्या माझ्या पोरीसाठी तू, हे न बोलता पक्कं होतं.

बी.कॉम.चा निकाल लागला आणि पेपरात जाहिरात आली. चिंचोळी एमआयडीसीत परदेशात माल पाठवणाऱ्या एका टॉवेल कारखान्यात तपासणी विभागासाठी सहायक हवी होती, पदवीधर आणि अनुभवी. मला ती नोकरी किती हवी होती हे सांगायला आज लाज वाटत नाही. टेबल, खुर्ची, हजेरीचं कार्ड आणि कामाला निघताना डोक्याला फडकं न बांधता पुढच्या दारानं बाहेर पडणं. विशेषतः हे शेवटचं मला इतकं हवं होतं की मी त्याचा मनातल्या मनात सराव करायची.

अर्ज टाइप करून घ्यायला मी देशमाने सरांकडे गेले. त्यांचा टायपिंगचा क्लास होता आणि पेठेतल्या निम्म्या पोरांचे अर्ज त्यांच्या मशीनमधून निघालेले. तेव्हा आम्ही रेझ्युमे म्हणत नसू, पण वस्तू तीच. सरांनी विचारलं, तुला काय येतं. मी घडाघडा सांगितलं, टायपिंग, हिशेब, इंग्रजी वाचता येतं. ते म्हणाले, हे सगळ्यांना येतं, टॉवेलमधला दोष काढता येतो का? मी म्हटलं, तो तर रोज काढते. यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मला म्हणाले,

"मग ते पहिल्यांदा लिही की. वाचणारा माणूस तुझ्यावर विश्वास ठेवायचा न्हाई असं ठरवूनच बसलेला असतोय. त्याला एक तरी खरी गोष्ट दे."

मी निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीतले लोक आपल्या पोरांचे रेझ्युमे माझ्या फोनवर पाठवतात, 'ताई, जरा नजर टाका.' मी टाकते. सगळी पोरं मेहनती, सगळी प्रामाणिक, सगळ्यांना चौघांत मिळून काम करायला आवडतं. हल्ली तर कुठलंसं यंत्रच लिहून देतं म्हणे, त्यामुळे अक्कलकोट रोडचा पोरगा आणि पुण्याची पोरगी एकाच तोंडानं बोलतात. मी ते सगळं सोडून एक ओळ शोधते, जी लिहिताना त्या पोराला थोडी लाज वाटली असेल. काकाच्या रसवंतीवर दोन उन्हाळे काढले, आजारी आजीचं सगळं केलं, असलं काहीतरी. सापडली तर मी त्यांना सांगते, ही वर घे. ते घेत नाहीत. त्यांना वाटतं म्हातारीला आताचं काही कळत नाही.

घरी मी 'शेडचा अनुभव लिहिणार' म्हटल्यावर अम्मानं सूप खाली ठेवलं. हे ती फार क्वचित करायची. तिचं म्हणणं असं की तोंडचं बोलणं वाऱ्यावर जातं, पण कागद कुणाच्या हातात फिरेल, कुठल्या स्थळाच्या घरी पोचेल, याचा नेम नाही. नायनांचा आक्षेप वेगळा होता. मालकाच्या वहीत एकाही बाईचं नाव नव्हतं, सरकारी माणूस आला की आम्हाला मागच्या दारानं घरी पिटाळायचे. अशा कारखान्याचं नाव कागदावर टाइप करून दुसऱ्या कारखान्याला द्यायचं म्हणजे नायनांच्या पोटावर पाय. तरी मी मालकाकडे दाखला मागायला गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं, जी बाई माझ्याकडं नाहीच तिला दाखला कसला देऊ, आणि माझ्या कारखान्याचं नाव कुटं लिहिलंस तर बापाला बी घेऊन जा. बोलताना ते हसत होते, पण त्या हसण्यावर आमच्या घरात कुणी विश्वास ठेवला नाही.

शेवटी अर्जात ओळ आली ती अशी: भवानी पेठेतील एका टॉवेल कारखान्यात तपासणी व घडीकामाचा चार वर्षांचा अनुभव. कारखान्याचं नाव नाही, मालकाचं नाव नाही, दाखला नाही. खाली सरांनी आपल्या पद्धतीप्रमाणे छंद टाकले, वाचन आणि संगीत ऐकणे. मी म्हटलं, सर, आमच्या घरी रेडिओ नाही. ते म्हणाले, छंद कुणी तपासत न्हाई.

मुलाखतीला चिंचोळीला गेले. जोगळेकर म्हणून तिथं मॅनेजर होते, गोरेपान, आवाज अगदी मऊ. त्यांच्या बाजूच्या टेबलावर वाघमारे नावाचे टाइम ऑफिसचे क्लार्क बसलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पुढ्यात डायरी. जोगळेकर साहेबांनी माझा अर्ज पेन्सिल घेऊन वाचला. छंदांवर त्यांनी बरोबरची खूण केली. पदवीवर केली. अनुभवाच्या ओळीवर पेन्सिल थांबली. कारखान्याचं नाव काय? मालकाचं नाव? माझ्या डोळ्यांसमोर नायनांचा माग आणि त्या मागावर उभा असलेला दुसराच माणूस.

"चार वर्षं जिथे जात होतात, तिथलं नाव तुम्हाला माहीत नाही?" साहेब म्हणाले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पेठेतून येणारे निम्मे अर्ज असेच असतात, असं त्यांनी वाघमाऱ्यांकडे बघत सांगितलं. मी म्हटलं, खोटं नाही साहेब. ते म्हणाले, ठीक आहे, आम्ही चौकशी करू. मी म्हटलं, करा. त्या अर्जातली मला छातीवर हात ठेवून सांगता येईल अशी ती एकच ओळ होती, आणि नेमकी तीच त्यांना खोटी वाटत होती. बसमध्ये बसल्यावर मला इतका राग आला की माझा स्टॉप गेला.

चौकशीचं मी घरी बोलले नाही. नायनांनी तो शब्द ऐकला असता तर मला अर्जच परत आणायला लावलं असतं. मुलाखत बरी झाली, कळवणार आहेत, एवढंच सांगितलं. मग रोज पोस्टमनची वाट. आठवडा गेला, आणखी थोडे दिवस गेले, आणि भेटून जा म्हणून एक कार्ड आलं. मी नवी साडी नेसून गेले. जोगळेकर साहेबांनी मला बसायलाही सांगितलं नाही. तुम्ही कधीच कुठं काम केलेलं नाही, असं तुमच्याच गल्लीतून कळलंय, ते म्हणाले. कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाले, नावं सांगायची आमची पद्धत नाही. जागा अजून भरलेली नव्हती, पण माझा अर्ज त्यांनी बाजूला ठेवला होता, आणि तो बाजूला ठेवलेला मला दिसत होता.

घरी येऊन मी सगळं सांगितलं आणि आमच्या घराला काम मिळालं. संशय घ्यायला आम्हाला फक्त निमित्त लागायचं, इथं तर गुन्हाच घडला होता. नायना म्हणाले, मालकानंच माणूस पेरला असणार. अम्मा म्हणाली, मालकाला काय गरज, हे बायकांचं काम आहे. मग एकेक दार घेतलं गेलं. कोपऱ्यावरच्यांची मुलगी बारावीला बसली होती, त्यांना पोटात दुखत असेल. पलीकडच्यांनी गेल्या संक्रांतीला आमच्या सक्किनालूंना, म्हणजे तांदळाच्या चकल्यांना, नावं ठेवली होती. पण शेवटी सगळे रस्ते समोरच्या दाराशी जाऊन थांबत होते. नरसव्वेची विजया माझ्याच शेजारी बसून तेच काम करते, ती दहावी नापास, मी साहेबीण होणार, वर नळाचं भांडण. अम्मानं हिशेब मांडला आणि बरोबर बसला. मलाही पटला. त्यानंतरचे काही दिवस मी शेडमध्ये विजयाशी बोलले नाही. ती बिचारी दोनदा म्हणाली, काय झालं ग, आणि मला वाटलं, किती साळसूद आहे.

मग एके दिवशी नरसव्वाच आमच्या दारात उभी. हातात झाकलेली वाटी, आणि चेहरा असा की भांडण कधी झालंच नव्हतं. अम्मा भिंतीकडे तोंड करून बसली. नरसव्वेनं तिकडे लक्ष दिलं नाही. आमच्याकडे रीत अशी की मुलाकडचं माणूस चौकशी करून गेलं तर निरोप येईपर्यंत मुलीच्या घरी बोलायचं नाही, नजर लागते. तिनं रीत पाळली होती, पण आता तिला दम निघत नव्हता.

"कसं काय झालं त्या पाव्हन्याचं? निरोप आला का न्हाई?" तिनं विचारलं. "लई चांगला माणूस वाटला बघ. कडक इस्त्रीचा शर्ट. तुमी कुणी घरात नव्हता, तवा मीच बसवलं त्याला. चा दिला, सुशीला करून घातली."

सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा प्रकार. सोलापुरात पाव्हण्याला हाच पटकन करून घालतात. मी विचारलं, पेद्दम्मा, त्यानं काय विचारलं? ती म्हणाली, जे विचारतात तेच की. पोरगी कशी, घरचे कसे, आणि मग हळूच, बाहेर कामाला जाते का.

"मी म्हटलं, आमची पद्मा? उंबऱ्याच्या बाहेर पाऊल न्हाई पोरीचं. कालेजातनं घर, घरातनं कालेज. कारखाना तर तिनं बघितला बी न्हाई. विड्या मात्र अशा वळती की बघत राहावं." आणि हे सांगताना तिनं अम्माच्या पाठीकडे बघितलं. "भांडन आपल्या जागी. पोरीच्या बाबतीत मी कमी बोलनार हाय का?"

अम्मानं तोंड फिरवलं. तिला हसू येत होतं की रडू, ते कळेना. त्यानं विचारलेल्या चारही घरांनी हेच सांगितलं होतं, नरसव्वेनं फक्त सुरुवात केली होती. ज्या वेळी ती माझं उंबऱ्याबाहेर पाऊल नाही म्हणून सांगत होती त्या वेळी मी भिंतीपलीकडे टॉवेल उजेडाला धरून बसले होते. पोरगी आत्ता कुठंय असं विचारलं असतं तर मामाच्या गावाला गेलीय म्हणून उत्तरही तयार होतं.

मी तिला खरं काय ते सांगितलं. तो माणूस स्थळाचा नव्हता, कारखान्याचा होता. नरसव्वा खालीच बसली. तिला पहिल्यांदा वाईट वाटलं आणि मग लगेच संशय आला. कारखान्याचा माणूस असा गुपचूप कशाला येईल? नाव-गाव न सांगता आयाबायांना कशाला विचारील? त्याच्या मनात दुसरंच काही असेल. मी म्हटलं, पेद्दम्मा, तू आता त्यांना खरं सांगशील का? ती बराच वेळ वाटीवरचं झाकण नीट करत राहिली. विजयाचं अक्कलकोट रोडच्या एका घरी जवळजवळ ठरलं होतं, मुलगा नोकरीवाला. तिकडेही हेच सांगितलेलं, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

"तू आनी विजया एकाच बोळातनं जाता आनी एकाच बोळातनं येता," ती म्हणाली. "तुझं खरं सांगितलं तर तिचं काय सांगू?"

अम्मा म्हणाली, जाऊ दे, नोकरी आज हाय उद्या न्हाई, गल्लीनं चांगलं सांगितलंय तर तेच राहू दे. नायनांना त्यातल्या त्यात बरं वाटलं असावं, कारण कारखान्याचं नाव कुठंच आलं नव्हतं. मला मात्र त्या दिवशी घर, गल्ली, विड्या, सगळ्याचाच राग आला. माझ्या भल्यासाठी सगळ्यांनी मिळून माझी चार वर्षं पुसून टाकली होती आणि वर मी त्यांचे आभार मानायचे होते.

पुन्हा चिंचोळीला गेले. न बोलावता. जोगळेकर साहेबांना सगळं सांगितलं, स्थळ, रीत, नरसव्वा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, गोष्ट छान रचलीय. मी परत फिरणार तेवढ्यात बाजूच्या टेबलावरून वाघमारे खाकरले.

"साहेब, मला दोनदा सुशीला वाढली होती," ते म्हणाले. "आणि मला भाऊ किती, घर स्वतःचं का, ते विचारत होत्या. मला तेव्हाच जरा विचित्र वाटलं होतं."

साहेब हसले नाहीत, पण पेन्सिल खाली ठेवली. वाघमाऱ्यांना त्यांनी परत पाठवायचं कबूल केलं, या वेळी उघडपणे, कारखान्याचं नाव सांगून. घरच्यांचं सांगणं धरणार नाही, बाहेरचा एक तरी माणूस स्वतःच्या नावानिशी सांगणारा हवा, आणि मिळाला नाही तर विषय संपला. पुढं वाघमारे आणि मी एकाच कारखान्यात वर्षानुवर्षं होतो. ते सांगायचे, पहिल्या वेळी इतका पाहुणचार झाला तेव्हाच माझी खात्री पटली होती की ही माणसं काहीतरी लपवतायत. लपवतच होतो म्हणा.

ते आले त्या दुपारी वीज गेलेली होती. माग बंद, त्यामुळे नायनाही घरी आणि बायका दारादारांत सूप घेऊन बसलेल्या. वाघमाऱ्यांनी सायकल लावली, डायरी काढली आणि गल्लीच्या मधोमध उभं राहून आपण कुठून आलो, कशासाठी आलो, ते स्वच्छ सांगितलं. त्याबरोबर गल्ली मुकी झाली. मागच्या खेपेला ज्या बायकांनी त्यांना बसायला पाट दिला होता त्यांनी मान वर केली नाही. डायरीत नाव लिहून घेणारा माणूस कारखान्याचाच कशावरून, सरकारचा कशावरून नाही, मालकाचा कशावरून नाही? मला त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते शब्दन्‌शब्द कळत होतं, कारण मीही त्यांच्यातलीच होते. पलीकडच्या दारातली बाई म्हणाली, आमाला काय म्हाईत न्हाई. कोपऱ्यावरची उठून आतच गेली. नायना आमच्या दारात चौकट धरून उभे होते आणि माझ्याकडे न बघता शेडच्या भिंतीकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडून काही उपयोग नव्हता हे खरं, पण त्यांनी माझ्याकडे बघायला हरकत नव्हती.

वाघमाऱ्यांनी जरा वाट बघितली. मग डायरी मिटली आणि मला म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, पण मला साहेबांना असंच सांगावं लागेल की मुलीनं अर्जात खोटं लिहिलंय. ते हे हळू आवाजात म्हणाले, पण माग बंद होते. सगळ्यांना ऐकू गेलं.

"ओ साहेब," समोरच्या दारातून नरसव्वा म्हणाली. तिची मान खालीच होती आणि बोटं पानावर तंबाखू पसरत होती. "खोटं आमी बोललो. पोरगी न्हाई बोलली."

वाघमारे वळले. तिनं मग सगळं सांगून टाकलं. चार वर्षं झाली, ऊन असो पाऊस असो, पोरगी कालेजातून येते, दोन घास खाते आणि शेडला जाते, दिवेलागणीला परत येते. केसातली पिंजर हिच्या आईनं काढलेली मी इथं बसून बघते. वाघमाऱ्यांनी विचारलं, तुम्ही हे इतकं खात्रीनं कसं सांगता? इथं ती अडखळली. दारामागं विजया उभी होती, मला तिची फक्त ओढणी दिसत होती.

"माझी विजया तिच्या बाजूलाच बसती," नरसव्वा म्हणाली. "ती बी जाती. ह्या गल्लीतली कोनची पोरगी जात न्हाई ते विचारा."

कुणीतरी हळूच 'अगं' म्हटलं, पण बोलून झालं होतं. विजयाचं अक्कलकोट रोडचं ते स्थळ त्याच महिन्यात मोडलं. त्यांनी कारण दिलं नाही आणि नरसव्वेनं विचारलं नाही. विजयाचं लग्न पुढं झालं, सांगोल्याकडच्या एका शिलाई करणाऱ्या मुलाशी, आणि काही वर्षांनी दोघं सोलापुरात आल्यावर मी तिला आमच्या तपासणी विभागात घेतलं. तिच्या अर्जात अनुभवाची ओळ मी पहिल्यांदा लिहिली. पण हे नंतरचं. त्या दुपारी तिची ओढणी दारामागं दिसेनाशी झाली एवढंच मी पाहिलं, आणि माझ्या मनात तेव्हा तिचा विचार नव्हता, वाघमारे पुन्हा डायरी उघडतात की नाही एवढंच मी बघत होते.

त्यांनी उघडली. नरसव्वेच्या उंबऱ्याशी उकिडवे बसून त्यांनी तिनं सांगितलेलं लिहून घेतलं, तारीख टाकली, माझ्याकडे बघून मान हलवली. मला नोकरी मिळाली हे मला तेव्हाच कळलं. मी अम्माचा हात धरला. मग वाघमारे म्हणाले, सांगणाऱ्याचं नाव आणि काम लिहावं लागतं. त्यांनी नाव विचारलं, तिनं नरसव्वा सांगितलं. त्यांनी विचारलं, काम काय करता? तिच्या मांडीवर सूप होतं, एका बाजूला कापलेली पानं, दुसऱ्या बाजूला बांधून झालेल्या विड्यांचे कट्टे. प्रश्न ऐकून ती पहिल्यांदाच वर बघत जराशी हसली, आणि बोटांतल्या विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "मी? मी काय काम करत न्हाई, साहेब. घरीच असते." वाघमाऱ्यांनी तसंच लिहून घेतलं. मी तिथंच उभी होते, आणि त्यात काही चुकलंय असं मलाही वाटलं नाही.